एका वेळी किती बदल? मेळघाटातील तरुण वय आणि स्थित्यंतरांची यंत्रणा

नोकरी लागणे, लग्न ठरणे आणि नव्या गावी बिऱ्हाड मांडणे या तिन्ही गोष्टी मनाजोग्या असल्या, घरादाराने त्यांची वाट पाहिलेली असली, तरी त्या एकाच वर्षात आल्या की धडधाकट तरुणाचीही झोप उडते, चिडचिड वाढते, साधा अर्ज भरायचा राहून जातो आणि सगळे चांगले चालले असताना हा असा गप्प गप्प का, हे घरच्यांना उमगत नाही. यांतला एकेक बदल दोन-दोन वर्षांच्या अंतराने आला असता, तर त्याच तरुणाने तो फारशी कुरकुर न करता निभावून नेला असता. याचे कारण ‘ओझे वाढले’ एवढेच सांगून भागत नाही, कारण ओझे तिप्पट झाले असे मानले तरी त्रास मात्र अनेकदा तिपटीहून अधिक होतो. हा जास्तीचा त्रास कोठून येतो, याचा शोध मानसशास्त्र, शरीरशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांनी गेल्या साठ वर्षांत घेतला असून त्यांच्या उत्तरांचा मेळ घातल्यास एक स्पष्ट यंत्रणा समोर येते.

ती यंत्रणा समजून घेण्यासाठी सेमाडोहचा परिसर फार बोलका आहे. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, परतवाड्याहून हरिसालमार्गे धारणीला जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात हे गाव वसलेले आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झालेल्या मेळघाटचे पर्यटन संकुल येथे असल्याने बाहेरच्या माणसाला सेमाडोह माहीत असते ते वाघासाठी, अस्वलासाठी आणि सागाच्या जंगलासाठी. या डोंगराळ मुलखात प्रामुख्याने कोरकू समाजाची वस्ती असून कोरकू ही भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची, म्हणजे मराठीशी कुळाचे कोणतेही नाते नसलेली आहे. येथला मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर अमरावतीला शिकायला निघते, तेव्हा एकाच पावसाळ्यात घर, बोलण्याची भाषा, जेवणाची चव, झोपेची वेळ, पैशांचा व्यवहार आणि रोज भेटणारी माणसे हे सारे बदलते. बहुधा त्याच सुमारास घरी सोयरिकीची बोलणी सुरू होतात, आणि गाव व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात असून त्याच्या पुनर्वसनाला संमती मिळालेली असेल, तर सुट्टीत ज्या घरी परतायचे ते घरही जागेवरून उठते.

सर्वांत दाट वर्षे

अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड रिंडफस यांनी १९९१ मध्ये असे दाखवून दिले की शिक्षण संपणे, नोकरी सुरू होणे, स्थलांतर, लग्न आणि पहिले मूल या घटनांची जितकी गर्दी तरुण वयाच्या मोजक्या वर्षांत होते, तितकी आयुष्याच्या इतर कोणत्याही टप्प्यात होत नाही, आणि म्हणून त्यांनी या वयाला लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘दाट’ असे म्हटले. पुढे २००० साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अठरा ते पंचवीस या वयासाठी ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ ही संकल्पना मांडली. या वर्षांत माणूस किशोर राहिलेला नसतो आणि पुरता प्रौढही झालेला नसतो, त्यामुळे निरनिराळ्या वाटा चाचपून पाहण्याची त्याला सवड मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. ही सवड मात्र ज्या समाजात लग्न आणि कमाई लांबणीवर टाकता येते तेथेच मिळते, हा आर्नेट यांच्यावर घेतला गेलेला आक्षेप मेळघाटच्या बाबतीत पूर्णपणे लागू पडतो, कारण येथे दिवाळीनंतर मजुरीसाठी घर सोडून बाहेरच्या जिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबातील अठरा वर्षांचा मुलगा कमावता हात मानला जातो आणि त्याला वाटा चाचपायला वेळ देणे घराला परवडत नाही.

या दाटीत कायद्याचीही भर पडते. घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. करारावर सही करणेही अठराव्या वर्षी शक्य होते. मुलीचे लग्न कायद्याने अठराव्या वर्षी होऊ शकते आणि मुलाचे एकविसाव्या. माणसाची वाढ कधीच अशी एका तारखेला होत नाही. योजना आखणे, मोह आवरणे आणि दूरचा परिणाम जोखणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो, तर समाज आणि शासन त्याच कामांची अपेक्षा अठराव्या वाढदिवसापासून करू लागतात.

बदलांना गुण देण्याचा प्रयत्न

बदलांचे ओझे मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये केला. त्यांनी आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येक घटनेशी जुळवून घ्यायला किती धडपड करावी लागते यानुसार तिला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूला ६३, लग्नाला ५०, शिक्षण सुरू होणे वा संपणे याला २६ आणि घर बदलण्याला २० असे हे गुण होते. वर्षभरातील घटनांच्या गुणांची बेरीज ३०० च्या पुढे गेली, तर आजारपणाची शक्यता बरीच वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. या यादीचे खरे महत्त्व असे की लग्नासारखी आनंदाची गोष्टही तीत मानाने बसली आणि चांगला बदल हादेखील बदलच असतो, त्यालाही शरीर-मनाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट वैद्यकाने प्रथमच आकड्यांत मान्य केली.

तरीही ही पद्धत अपुरी ठरली, आणि ती कोठे अपुरी ठरली हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पुढच्या संशोधकांना असे आढळले की नकोसा किंवा लादलेला बदल हा हव्याशा बदलापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो, त्यामुळे दोन्ही एकाच तागडीत घालता येत नाहीत. दुसरी उणीव याहून मोठी आहे. या यादीत गुणांची नुसती बेरीज होते, म्हणजे घर बदलण्याचे २० गुण हे लग्नाबरोबर आले काय आणि एकटे आले काय, २० च राहतात. प्रत्यक्षात एका बदलाची किंमत दुसरा बदल सोबत आहे की नाही यावर ठरते, आणि याचे कारण सवयीच्या स्वरूपात दडलेले आहे.

सवय जागेला बांधलेली असते

मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दिवसभरातील कृतींची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती रोज जवळपास त्याच ठिकाणी, त्याच प्रकारे आणि बहुतेकदा दुसराच काही विचार करत असताना होतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. सवय म्हणजे ठरावीक खुणेला दिलेला आपोआप प्रतिसाद. ती खूण एखादी जागा असेल, वेळ असेल किंवा एखादी व्यक्ती असेल. या प्रतिसादाला विचार लागत नाही, आणि त्यामुळेच विचारशक्ती नव्या, अवघड कामासाठी मोकळी राहते. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांवर याच गटाने केलेल्या पुढील अभ्यासात असे दिसले की भोवतालची परिस्थिती बदलली की जुन्या सवयी ढिल्या पडतात आणि त्या कृतींसाठी पुन्हा जाणीवपूर्वक विचार करावा लागतो.

सेमाडोहच्या घरी सकाळी उठून पाणी भरणे, चुलीजवळ बसून चहा घेणे, बैल सोडणे, वाटेत भेटेल त्याच्याशी कोरकूत दोन शब्द बोलणे यांपैकी कशासाठीही निर्णय घ्यावा लागत नाही. अमरावतीतील भाड्याच्या खोलीत तीच सकाळ निर्णयांनी भरून जाते. सामाईक नळावर नंबर कधी लावायचा, खानावळीचा डबा परवडतो की पोळ्या स्वतः लाटायच्या, विद्यापीठाकडे जाणारा ऑटो राजकमल चौकात मिळेल की पंचवटी चौकात, ऑटोवाल्याने सांगितलेले भाडे बरोबर आहे की नाही, वर्गात शेजारी बसलेल्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, मनात कोरकूत आलेले वाक्य मराठीत कसे बसवायचे आणि ते चुकले तर कोण हसेल, अशा लहान लहान प्रश्नांना तोंड देत देत वर्ग सुरू होण्याआधीच तो थकलेला असतो. मन एका वेळी फार थोड्या गोष्टी पेलू शकते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांच्या मते ही संख्या चारच्या आसपास आहे. खेड्यातून आलेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीत मागे पडला की त्याची बुद्धी कमी असल्याचा निष्कर्ष काढला जातो. पण त्या विद्यार्थ्याची विचारशक्ती ज्या कामांत खर्च होत असते, ती कामे शहरातल्या घरी राहून शिकणाऱ्याला करावीच लागत नाहीत, हे शिक्षकांनीही ध्यानात घेतलेले बरे.

पैशाची चणचण या खर्चात भर घालते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच शेतकऱ्यांची विचारक्षमता तोडणीपूर्वीच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत कमी आणि ऊसाचे पैसे हाती आल्यानंतर अधिक भरली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, जिच्यात राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात जमा होते. ही मदत मोलाची आहे, मात्र तिचा हप्ता लांबला की खोलीभाडे आणि डबा यांचा हिशेब रात्रंदिवस डोक्यात फिरत राहतो आणि अभ्यासाच्या वाट्याची जागा तो व्यापून टाकतो.

शरीर काय करते

संकट किंवा नवखी परिस्थिती जाणवली की मेंदूतील अधश्चेतक नावाचा भाग पीयूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते, आणि तेथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. कॉर्टिसॉल हा काही शत्रू नव्हे. रोज पहाटेनंतर तेच वाढून माणसाला जागे करते, रक्तात साखर उपलब्ध करून देते आणि काम सरल्यावर उतरते. बदलत्या गरजांनुसार आतील मोजमापे हलवून स्थैर्य टिकवण्याच्या या पद्धतीला स्टर्लिंग आणि आयर या संशोधकांनी १९८८ मध्ये ‘ॲलोस्टॅसिस’ असे नाव दिले, आणि मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्‌एवेन यांनी या सततच्या हालचालीमुळे शरीराची जी झीज होते तिला ‘ॲलोस्टॅटिक भार’ म्हटले. ही झीज कोणत्या प्रकारांनी होते हे सांगताना मॅक्‌एवेन यांनी पहिला प्रकार दिला तो एकामागून एक येणाऱ्या नव्या ताणांचा, आणि आणखी एक दिला तो ताण संपल्यावरही यंत्रणा खाली न उतरण्याचा.

अनेक बदल एकत्र आले की हे दोन्ही प्रकार सोबतच घडतात. महाविद्यालयाची चिंता संध्याकाळी उतरणीला लागते तोच गावाहून फोन येतो, तो ठेवतो न ठेवतो तोच घरमालक दारात उभा राहतो, आणि झोपेने भरून निघायची झीज तशीच राहते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी स्मरणशक्ती आणि संयम दोन्ही उणावतात, त्यामुळे साधी अडचणही मोठी भासते आणि पुन्हा इशारा सुटतो. डोके दुखणे, पोट बिघडणे, भूक मरणे या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या तरुणाला ‘काही झाले नाही’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा खरोखर पुष्कळ काही झालेले असते.

विसाव्याची जागा

बदलांचा त्रास बेरजेपेक्षा अधिक का होतो, याचे सर्वांत नेमके उत्तर समाजशास्त्रज्ञ रॉबर्टा सिमन्स यांच्या गटाने १९८७ मध्ये दिले. अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला होता. शाळा बदलणे, वयात येणे, घर बदलणे, आईवडिलांच्या संसारात उलथापालथ होणे असे बदल ज्या मुलांच्या वाट्याला एकाच काळात आले, त्यांचे गुण आणि शाळेतील सहभाग बदलांच्या संख्येनुसार घसरत गेला आणि मुलींच्या बाबतीत आत्मसन्मानही खालावला. सिमन्स यांचे स्पष्टीकरण असे होते की माणसाला आयुष्याचे एखादे तरी क्षेत्र असे लागते जेथे सारे ओळखीचे आहे, जेथे काही सिद्ध करावे लागत नाही आणि जेथे दुसरीकडची दमछाक निवते. या क्षेत्राला विसाव्याची जागा म्हणता येईल. ती मुले सेमाडोहच्या तरुणांपेक्षा वयाने लहान आणि वेगळ्या समाजातली होती, तरी तत्त्व येथेही लागू पडते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन कोलमन यांनी १९७४ मध्येच असे सुचवले होते की बहुतेक मुले वाढीच्या वयातील प्रश्न एकेक करून हाताळतात म्हणून ती तरून जातात, आणि ज्यांच्यावर सगळे प्रश्न एकदम येतात त्यांची दैना होते.

मेळघाटातील कुडाच्या घरावरून हे अधिक स्पष्ट होईल. बांबूच्या कुडाला माती-शेणाने लिंपलेल्या भिंती अशा घरात आडोसा देतात, पण छपराचा भार असतो तो लाकडी मेढींवर. एखादी मेढ वाळवीने पोखरली की आढ्याला टेकू देऊन ती काढतात आणि नवी रोवतात; तेवढा वेळ छपराचा भार टेकू आणि उरलेल्या मेढी वाहतात, घरातली माणसे आतच राहतात आणि चूलही पेटती असते. तीन मेढी एकदम काढायच्या म्हटल्या, तर प्रत्येक नवी मेढ कितीही चांगल्या सागाची असली तरी तिचा काही उपयोग नसतो, कारण ती रोवली जाईपर्यंत भार घ्यायला कोणी उरलेलेच नसते. माणसाच्या बाबतीत घर, भाषा, काम, नाती आणि दिनक्रम या मेढी आहेत. नव्या कामाचा ताण जुने मित्र वाहतात, नव्या नात्याचा ताण ओळखीचे घर वाहते. प्रत्येक बदल स्वतःचा भार तर आणतोच, शिवाय दुसऱ्या बदलाचा भार ज्यावर टेकायचा ती मेढही काढून नेतो, आणि सुरुवातीला ज्याचा उल्लेख झाला तो जास्तीचा त्रास येथे जन्मतो.

अठराव्या वर्षी ‘कुटुंब’

मेळघाटातील काही तरुणांच्या बाबतीत सगळ्याच मेढी एकदम निघण्याची वेळ प्रत्यक्ष आलेली आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील गावांच्या स्वेच्छा पुनर्वसनासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपयांची तरतूद केली आणि २०२१ पासून ती १५ लाख रुपये झाली. यात दोन पर्याय असतात. पहिल्यात पूर्ण रक्कम घेऊन कुटुंब स्वतःची सोय स्वतः लावते; दुसऱ्यात वन विभाग जमीन, घर आणि सुविधा देतो आणि त्यासाठी रकमेची विभागणी शेतजमिनीला ३५ टक्के, हक्कांच्या निराकरणाला ३०, घर व घरजागेला २०, सामुदायिक सुविधांना १० आणि प्रोत्साहनापोटी ५ टक्के अशी ठरवलेली आहे. वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमतीही आवश्यक असते.

या योजनेतील ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या तरुणांच्या दृष्टीने निर्णायक ठरते. अठरा वर्षांवरील मुलगा विवाहित असो वा नसो, तो स्वतंत्र कुटुंब धरला जातो. अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी किंवा बहीण हिलाही तोच हक्क आहे. तरुणांवर अन्याय होऊ नये, विशेषतः मुलींना वगळले जाऊ नये, हा यामागचा हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की ठरलेल्या तारखेला ज्याने अठरावे वर्ष ओलांडले, तो कायद्याने अजून तीन वर्षे लग्न करू शकत नसतानाही कुटुंबप्रमुख होतो, कधी हाताळली नाही एवढी रक्कम त्याच्या नावावर येते, ती मागणारे सोयरे, मोटारसायकलचे विक्रेते आणि जमिनीचे दलाल त्याच्याभोवती गोळा होतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्याचे गाव, शेजार, जंगल आणि काम ही चारही सुटतात. काही महिन्यांनी लहान असलेल्या त्याच्या मित्राला मात्र यांतले काहीच मिळत नाही आणि बरोबरीच्या मैत्रीतही अंतर पडते.

सातपुड्याचा घाट उतरून अकोट तालुक्यात आले की भोवताल किती बदलतो, हे पाहिल्याशिवाय या स्थित्यंतराची खोली कळत नाही. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावे डोंगरातून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर आली आणि पुढच्या दशकात धारगड, बारुखेडा, अमोना, नागरतास, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी यांसारखी गावे त्याच वाटेने खाली उतरली. डोंगरात कोदो-कुटकी आणि मका, उन्हाळ्यात मोहाची फुले आणि तेंदूपाने, पावसाळ्यात रानभाज्या व नाल्यातले मासे, आणि बाराही महिने जळाऊ लाकूड पैसे न मोजता मिळत होते. सपाटीवर काळ्या मातीत कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकते, आणि सरपणापासून भाजीपर्यंत प्रत्येक वस्तूला दाम मोजावे लागतात. दवाखाना, शाळा, रस्ता आणि बाजार जवळ आले हा लाभ मोठाच आहे, विशेषतः ज्या भागाने कुपोषण आणि बालमृत्यू पिढ्यान्‌पिढ्या सोसले त्या भागासाठी. तरीही २०१७ आणि २०१९ मध्ये पुनर्वसित ग्रामस्थांचे मोठे गट जमीन आणि सुविधांबाबतच्या तक्रारी घेऊन आपल्या जुन्या गावठाणांत परत गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे ग्रामस्थ आणि सुरक्षा कर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

परत जाण्याच्या या ओढीचे स्पष्टीकरण केवळ तक्रारींच्या यादीत मिळत नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले, तेव्हा सुमारे ५७ हजार ग्वेंबे टोंगा लोकांना हलवण्यात आले. मानववंशशास्त्रज्ञ थेअर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन यांनी १९५६ पासून कित्येक दशके त्यांचा पाठपुरावा केला. हलवल्या गेलेल्या माणसांवर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक-सांस्कृतिक असे तीन ताण एकमेकांना वाढवत एकदम येतात, आणि अशा वेळी माणसे नवे काही करून पाहण्याऐवजी जे ओळखीचे आहे त्याला घट्ट धरून बसतात, असे त्यांनी नोंदवले. नव्या पिकाचे प्रशिक्षण, बचत गट, व्यवसायासाठी कर्ज असे उपक्रम पहिल्याच वर्षी राबवले गेले आणि त्यांना थंडा प्रतिसाद मिळाला, की लोक आळशी किंवा अडाणी ठरवले जातात. स्कडर आणि कोल्सन यांच्या निरीक्षणानुसार मात्र तो प्रतिसाद म्हणजे शिल्लक राहिलेली एकुलती एक मेढ जपण्याची स्वाभाविक धडपड असते.

जुन्या रीतींनी काय साधले होते

लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारविधींची तुलना करून दाखवले की जन्म, वयात येणे, लग्न, मृत्यू या स्थित्यंतरांचे विधी तीन पायऱ्यांनी जातात: जुन्या स्थितीतून वेगळे होणे, मधला अधांतरी काळ, आणि नव्या स्थितीत सामावले जाणे. मधल्या काळात माणूस कोणीच नसतो, म्हणून समाज त्याच्याकडून नेहमीच्या अपेक्षा ठेवत नाही आणि त्याला सांभाळून घेतो.

कोरकू समाजातील लमझना ही रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वधूमूल्य देणे ज्याला शक्य नाही असा तरुण होणाऱ्या सासऱ्याच्या घरी काही वर्षे राहून शेतीत राबतो आणि मग त्याचे लग्न व संसार मार्गी लागतो. या रीतीत तरुणाच्या श्रमाचे शोषण होण्याची शक्यता असते आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिने एक गोष्ट निश्चित साधली होती: घर बदलणे, नवी नाती जुळणे, लग्न आणि स्वतंत्र चूल या घटना तिने काळात पसरवल्या होत्या, आणि त्या सबंध काळात भाषा, देव व जंगल तेच राहत होते. होळीचेही तसेच आहे. कोरकूंच्या या सर्वांत मोठ्या सणासाठी दूरवर मजुरीला गेलेली माणसे गावी परततात, फगवा म्हणजे होळीची देणगी मागत नाचतात, आणि वर्षभर परक्या ठिकाणी ‘मजूर’ एवढीच ओळख असलेला तरुण चार दिवस कोणाचा तरी मुलगा, भाचा, मित्र होतो. होळीला गावी जाण्यासाठी रजा मागणारा विद्यार्थी किंवा कामगार चैन करायला निघालेला नसतो.

> चौकट : नेहमीची ओढाताण आणि मदतीची गरज
>
> मोठ्या बदलानंतर काही आठवडे झोप कमी होणे, घराची आठवण येणे आणि लक्ष न लागणे हे स्वाभाविक असते. बहुतेकांच्या बाबतीत दिनक्रम बसत गेला की ते ओसरते.
>
> त्रास ओसरण्याऐवजी वाढत गेला, अभ्यास किंवा काम थांबले, खाणेपिणे सुटले किंवा दारूचा आधार घ्यावा लागू लागला, तर वैद्यकात ज्याला ‘समायोजन विकार’ म्हणतात तो असू शकतो आणि त्यावर समुपदेशनाने चांगला गुण येतो.
>
> जगणे नकोसे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे ही तातडीची बाब आहे. अशा व्यक्तीला एकटे न ठेवता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.
>
> ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आणि दिवसरात्र उपलब्ध आहे.

क्रम कोणाच्या हाती

यंत्रणा अशी असेल, तर बदल टाळण्यापेक्षा त्यांचा क्रम लावणे आणि क्रम लावता येत नसेल तेथे एखादी तरी मेढ जागेवर ठेवणे हा उपाय सयुक्तिक ठरतो. वसतिगृहात एका गावच्या दोन मुलांना पहिल्या वर्षी एका खोलीत ठेवल्याने त्यांचे मराठी कच्चे राहील ही भीती अनाठायी आहे, कारण रात्री तासभर कोरकूत बोलता आले तर दिवसभर मराठीत बोलण्याची उमेद टिकते. पुनर्वसनात शेजाऱ्यांच्या ओळी जुन्या गावात होत्या त्याच क्रमाने नव्या गावठाणात बसवणे, मुठवा या गावदेवाचे ठाणे आणि दफनभूमी घरांच्या आधी निश्चित करणे, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या ‘कुटुंबाला’ रकमेसोबत दोन-तीन वर्षे सोबत करणारे माहीतगार माणूस देणे, यांतले काहीही जमीन आणि घरांच्या तुलनेत खर्चिक नाही. मोठे निर्णय, म्हणजे जमीन घेणे, गाडी घेणे, कर्ज काढणे, पहिल्या वर्षभरानंतर घेण्याची मोकळीक ठेवली तर ते निर्णय थकलेल्या डोक्याने घ्यावे लागत नाहीत.

क्रम ठरवण्याची ही मुभा सर्वांत कमी आहे ती मुलींना. मुलाचे लग्न झाले तरी त्याचे गाव आणि घर बहुधा तेच राहते. मुलीच्या बाबतीत लग्न म्हणजेच स्थलांतर, नवे घर, नवी माणसे, अनेकदा शिक्षणाचा शेवट, आणि वर्ष-दीड वर्षात बाळंतपण असे पाच बदल एकाच गाठीत बांधलेले असतात, आणि त्यांतला एकही सुटा करून पुढे ढकलणे तिच्या हाती नसते. पुनर्वसनाची रक्कम ठरताना ती अविवाहित असेल तरच तिचे स्वतंत्र कुटुंब धरले जाते, त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे तिचे लग्न लावण्यात इतरांचा पैशाचा हितसंबंधही तयार होतो. पदवीचे शेवटचे वर्ष पूर्ण होईपर्यंत तिचे लग्न थांबवणे हे आईवडिलांना शक्य असते, नव्या सुनेला परीक्षेसाठी माहेरी पाठवणे सासरला शक्य असते, आणि बाळंतपणानंतर तिचा प्रवेश कायम ठेवणे महाविद्यालयाला शक्य असते. यांतली एक गोष्ट झाली तरी त्या गाठीतला एक बदल मोकळा होतो, आणि उरलेल्या चारांचा भार टेकायला तिला जागा मिळते.